पंप तळघरात चालेल, कॅन नको : सोसायटीच्या पूलची रसायनं कुठे ठेवावीत?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली सोसायटी, पोडियमवर १५ बाय ६ मीटरचा पूल, सरासरी खोली १.२ मीटर. फिल्टर, पंप, डोसिंग (पाण्यात मोजून रसायन सोडणारे छोटे पंप) असं सगळं बिल्डरने तळघरातल्या एका खोलीत बसवून दिलंय. त्याच खोलीत हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप क्लोरीनचे) निळे कॅन, पाण्याचा पीएच उतरवायच्या ॲसिडचे कॅन, टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच, पण घन) गोळ्यांचा डबा आणि ब्लीचिंग पावडरचं पोतं. शेजारी एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटचा) ब्लोअर, समोर लिफ्टची लॉबी. पहिल्या मजल्यावरून वासाच्या तक्रारी येतात. पूलचा कंत्राटदार म्हणतो, 'सगळीकडे असंच असतं, मोठा एक्झॉस्ट बसवा, प्रश्न मिटला.' नव्या कमिटीला विचारायचंय की हे नियमात बसतं का, आणि बसत नसेल तर अख्खा प्लँट हलवावा लागेल का.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खर्चाची धास्ती असेल तर पुढचं कोणी नीट वाचत नाही. प्लँट हलवायची गरज नाही. पंप आणि फिल्टर पूलच्या पातळीखाली असणं उलट चांगलंच. पंपात पाणी आपोआप भरलेलं राहतं, तो कोरडा पडत नाही. हलवायची आहेत ती रसायनं, आणि त्यांच्यासोबत डोसिंग पंप. म्हणजे दोन छोटे पंप, दोन टाक्या आणि काही कॅन. घोळ झालाय तो 'प्लँट रूम' या शब्दाखाली यंत्रं आणि रसायनं एकाच खोलीत कोंबल्यामुळे. नकाशात खोली मंजूर झाली ती यंत्रांसाठी. कॅन नंतर कोणीतरी उचलून आत नेऊन ठेवले.

आता नियम. 'हायपो इथे ठेवा, ॲसिड तिथे ठेवा' असं एका कलमात लिहिलेलं सापडेल या आशेवर बसू नका, तीन-चार ठिकाणचं जुळवून वाचावं लागतं. मुंबई महापालिकेची हद्द सोडली तर महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांत २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईत तिथली वेगळी विकास नियंत्रण नियमावली, डीसीपीआर २०३४. तळघराचा वापर कशासाठी करायचा हे अशा नियमावल्यांत मोजून दिलेलं असतं: वाहनतळ, इमारतीच्या सेवांसाठी लागणारी यंत्रं, सहसा ज्वलनशील नसलेल्या मालाची साठवण वगैरे. कंत्राटदार इथेच बोट ठेवतो की हायपो कुठे पेट घेतं? घेत नाही, बरोबर आहे. पण २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता उघडा आणि तिच्या अग्निसुरक्षेच्या चौथ्या भागातलं इमारतींचं वर्गीकरण पाहा. 'जे' गट म्हणजे धोकादायक वापर. त्यात फक्त स्फोटक आणि ज्वालाग्राही माल नाही. तीव्र संक्षारक आम्लं, अल्कली आणि विषारी किंवा दाहक वायू सोडणारी रसायनंही येतात. चार कॅन ठेवले म्हणून तुमची इमारत 'जे' गटात जाईल असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण संहितेच्या नजरेत या पदार्थांची जात कोणती आहे ते यावरून कळतं. निवासी इमारतीच्या पोटात, लिफ्टच्या तोंडाशी ती जात नको, एवढं समजायला वकील लागत नाही.

एकत्र ठेवण्याबद्दल सर्वांत स्पष्ट आकडे मला अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत मिळतात. एकमेकांशी न जमणारी रसायनं, प्रत्येक डबा साधारण दोन किलो किंवा दोन लिटरच्या वर असेल तर, निदान २० फूट लांब ठेवा. ते शक्य नसेल तर मध्ये न जळणारी भिंत घाला, जी मालाच्या वर आणि बाजूंना १८ इंच पुढे गेली पाहिजे. आपल्याकडे ही संहिता कायदा म्हणून लागू नाही. पण मी आराखडा करताना हाच माप धरतो, कारण त्यामागचं रसायनशास्त्र पुण्यातही तेच आहे.

ते रसायनशास्त्र एकदा आकड्यांत बघा. बाजारात मिळणाऱ्या १० टक्क्यांच्या एक लिटर हायपोत साधारण १०० ग्रॅम क्लोरीन कैद असतो. त्यात पाव ते अर्धा लिटर ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की तो मोकळा होतो. १०० ग्रॅम क्लोरीन वायू म्हणजे सुमारे ३५ लिटर. तुमची खोली १० बाय १२ फुटांची आणि ९ फूट उंच धरली तर तिच्यात ३० घनमीटर हवा आहे. हिशेब केला तर क्लोरीनचं प्रमाण ११०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ११०० भाग) आसपास जातं. जिवाला ताबडतोब धोका मानतात ती पातळी आहे १० पीपीएम. सगळा क्लोरीन एकदम सुटणार नाही, थोडा पाण्यात राहील, थोडा दाराबाहेर जाईल. दहावा भाग सुटला तरी माणूस दारापर्यंत पोचेलच याची खात्री देता येत नाही. आणि एवढ्यासाठी अपघात काय लागतो? एक सांडलेला मग. किंवा दोन सारखे निळे कॅन, वरची चिठ्ठी ओली होऊन गळून पडलेली, आणि सुट्टीवर गेलेल्या ऑपरेटरच्या जागी आलेला बदली मुलगा. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक प्लँट रूममध्ये हायपो आणि ॲसिड एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या कॅनमधून येतं. आज संध्याकाळपर्यंत एक काम कराच: ॲसिडच्या प्रत्येक कॅनवर रंगाने लाल पट्टा ओढा. चिठ्ठी नको, ऑइल पेंट.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत पूलच्या रसायनांमुळे २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अंदाजे १३,५०० वेळा लोकांना इमर्जन्सी विभागात जावं लागलं, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त १८ वर्षांखालचे होते. संहिता, तपासनीस, प्रशिक्षण सगळं असलेल्या देशातली ही गत.

मग एक्झॉस्टचं काय? एक्झॉस्ट हवाच, पण तळघरात तो उत्तर नाही. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड आहे. तो खाली बसतो, उताराने वाहतो आणि तळघरात खाली बसल्यावर त्याला जायला जागा नसते. बहुतेक कंत्राटदार पंखा भिंतीत वर, छताजवळ लावतात, म्हणजे वायू ढोपराएवढ्या उंचीवर साचलेला आणि पंखा स्वच्छ हवा बाहेर फेकतोय. त्यातून तुमच्याकडे शेजारी एसटीपीचा ब्लोअर आहे. तो सतत हवा ओढतो, त्यामुळे आजूबाजूच्या खोल्यांतली हवा त्याच्याकडे खेचली जाते. लिफ्ट वर-खाली होताना शाफ्टमधली हवा पंपासारखी ढकलते आणि ओढते. पहिल्या मजल्यावर वास पोचतोय तो याच वाटेने, असा माझा अंदाज आहे. तपासायला सोपं आहे: प्लँट रूमच्या दाराशी उदबत्ती लावा, लिफ्ट दोन-तीनदा वर-खाली करा आणि धूर कुठे वळतो ते पाहा. आणखी एक विचारतो. तुमचे रात्रीचे वॉचमन कुठे झोपतात? पार्किंगमध्ये खाट टाकलेली असेल, तर ती आजच वर हलवा. गळती रात्री झाली तर वायू सर्वांत आधी त्या खाटेपर्यंत पोचणार.

तर रसायनं वर, जमिनीच्या पातळीवर, जिथे दार थेट मोकळ्या हवेत उघडतं अशा जागी. इथे कमिट्या दुसरी चूक करतात. कंपाउंडच्या भिंतीला लागून, इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या सामासिक अंतरात पत्र्याची शेड उभी करतात. उंच इमारतीभोवती अग्निशमनाच्या गाडीसाठी सोडलेली ६ मीटरची वाट अडवलीत, तर एका नियमातून सुटून दुसऱ्यात अडकाल. जागा मंजूर नकाशातच शोधा. पोडियमच्या कडेला, पूल डेकच्या खाली, एक बाजू उघडी असलेला कोपरा बऱ्याचदा मिळतो. वापरात नसलेली माळ्याची खोली, जुनी सुरक्षा चौकी चालते. तेही नसेल तर एफआरपीची (फायबर-प्लॅस्टिकची) दोन तयार कपाटं घ्या आणि पूलच्या उघड्या कडेला, पण पाण्यापासून आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून लांब, एकमेकांपासून अंतर राखून ठेवा. त्यांच्यावर सावली हवी. उन्हात तापलेलं हायपो झपाट्याने मरतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं विघटन साधारण साडेतीन पटीने वाढतं. म्हणून दक्षिण-पश्चिमेची उघडी भिंत टाळा. दुपारी कॅन हाताला गरम लागत असेल तर जागा चुकली.

खोली असेल तर हायपोची वेगळी, ॲसिडची वेगळी. एकच खोली मिळत असेल तर मध्ये छतापर्यंत पक्की भिंत आणि दोन स्वतंत्र दारं. जाळी किंवा प्लायचं पार्टिशन नको. प्रत्येक टाकीखाली स्वतंत्र बंड (गळती अडवणारा कठडा), त्यात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के मावेल एवढा. दोन्ही बंडांचं पाणी एकाच जाळीला सोडू नका. हे सांगायला लागू नये, पण वरून दोन खोल्या वेगळ्या दिसणाऱ्या आणि फरशीखाली नळी एकच असणाऱ्या जागा मी पाहिल्यात. सांडलेलं हायपो आणि सांडलेलं ॲसिड मग नाल्यात भेटतात.

फरशीवर थोडं थांबतो, कारण हे आपल्याकडचं खास आहे. प्लँट रूमला सर्रास शहाबादी किंवा कोटा घालतात, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडचे थेंब पडले की फेस येतो, दगड विरघळतो, आणि कॅन ठेवायच्या जागी काही महिन्यांत बशीसारखा खळगा पडतो. मग त्या खळग्यात ॲसिड साचून राहतं, सांध्यातून खाली झिरपतं आणि स्लॅबमधल्या काँक्रीटला आणि सळईला भिडतं. पोडियमच्या स्लॅबवर हे होऊ देणं म्हणजे पुढच्या कमिटीसाठी दुरुस्तीचं बिल लिहून ठेवणं. ॲसिडसाठी आम्लरोधक टाइल्स आणि इपॉक्सी ग्राउट घ्या, किंवा सरळ एफआरपीचा ट्रे ठेवा. तुमच्या तळघरात जिथे आज ॲसिडचे कॅन आहेत तिथली फरशी उचलून बघा, माझा मुद्दा स्वतःच कळेल.

खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि कुलूपबंद. दिव्याचं आणि पंख्याचं बटण बाहेर, म्हणजे माणूस आत शिरायच्या आधी पंखा चालू होतो. हवा आत यायची झडप वर, बाहेर जायची जमिनीपासून वीतभर उंचीवर. पंखा प्लॅस्टिकच्या पात्यांचा. लोखंडी पंखा ॲसिडच्या वाफेत एक पावसाळाही नीट काढत नाही. बाहेर पडणारी हवा कोणाच्या खिडकीवर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवर जाता कामा नये. डोळे धुवायचा नळ खोलीबाहेर, दाराजवळ लावा. अमेरिकी मानक सांगतं की तिथे १० सेकंदांत पोचता आलं पाहिजे आणि सलग १५ मिनिटं पाणी मिळालं पाहिजे. टाकीवरून येणारा साधा नळ आणि त्याला योग्य तोंड लावलं तरी चालेल, फक्त त्याचं पाणी दुपारी अंगाला चटका देणारं नको.

आता माझ्याच सल्ल्यातून उभा राहणारा धोका. टाकी वर आणली, पाइपलाइन खाली तळघरात राहिली. म्हणजे डोसिंगची नळी वरून खाली उतरते. टाकी वर आणि इंजेक्शनची जागा खाली असली की पंप बंद असतानाही सायफनने रसायन आपोआप पाइपात उतरू शकतं. रात्रभरात अख्खी टाकी रिकामी झाल्याच्या गोष्टी या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकल्यात. म्हणून डोसिंग पंप टाकीशेजारी वर ठेवा, नळीला अँटी-सायफन व्हॉल्व्ह लावा आणि खाली पाइपात शिरताना स्प्रिंगचा इंजेक्शन व्हॉल्व्ह. स्लॅबमधून किंवा पार्किंगवरून जाणारी नळी दुसऱ्या मोठ्या पाइपातून न्या, जेणेकरून गळली तर गाडीवर किंवा माणसावर न पडता बाहेरच्या पाइपातून एका ठिकाणी दिसेल. दोन रसायनांच्या नळ्या एका मोठ्या पाइपातून नेऊ नका, जागा कितीही अडचणीची असो. हायपोच्या नळीत साधा बॉल व्हॉल्व्ह लावू नका. व्हॉल्व्ह बंद असताना बॉलच्या पोकळीत अडकलेलं हायपो हळूहळू ऑक्सिजन सोडतं, दाब वाढतो आणि एखाद्या दुपारी व्हॉल्व्ह फुटतो. डायफ्रॅम व्हॉल्व्ह वापरा किंवा बॉलला भोक असलेला खास प्रकार मागा. दुकानदार 'तसा काही नसतो' म्हणेल, असतो.

दोन्ही रसायनं मुख्य पाइपात, पाणी फिल्टर आणि हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच सोडायची, एकमेकांपासून निदान मीटरभर लांब. पूलमध्ये जाणाऱ्या शेवटच्या तोंडाच्या अगदी जवळही नको.

यापुढचा मुद्दा जागेचा नाही, वायरिंगचा आहे. पण जागेपेक्षाही यानेच जास्त माणसं आजारी पाडलीत. फिरवणारा मुख्य पंप थांबला आणि डोसिंग पंप चालूच राहिले, तर स्थिर पाण्याच्या पाइपात हायपो आणि ॲसिड एकमेकांना भेटतात. पंप पुन्हा चालू झाला की तो सगळा वायू थेट पोहणाऱ्यांच्या तोंडाशी. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा परगण्यात एका सार्वजनिक पूलवर साधारण हेच झालं. पाण्यात सुमारे ५० जण होते, ३४ जणांना उलट्या, खोकला, डोळ्यांची आग असा त्रास झाला, पाच मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तो पूल उघड्यावर होता, आकाशाखाली. हे लक्षात घ्या.

म्हणून डोसिंग पंपाला वीज मुख्य पंपाच्या कॉन्टॅक्टरमधूनच (तो पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचमधूनच) यायला हवी, आणि शिवाय पाइपात फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहत नसेल तर वीज तोडणारा स्विच. दोन्ही हवं, कारण मोटर फिरतेय म्हणजे पाणी फिरतंय असं नाही. सक्शनचा व्हॉल्व्ह बंद राहिला किंवा बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) चालू असेल तरी मोटर गुणगुणतच असते. हे जोडल्यावर मी एक खोडी करून बघतो. पंप चालू ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू बंद करतो आणि डोसिंग पंपाचा टकटक आवाज थांबतो का ते ऐकतो. तुमच्या कंत्राटदाराला तुमच्यासमोर करायला सांगा. अडचण अशी की फ्लो स्विच अधूनमधून कुरकुरतो, पूल हिरवा पडतो, आणि वैतागलेला ऑपरेटर डोसिंग पंपाची पिन काढून भिंतीवरच्या साध्या सॉकेटला खोचतो. त्यामुळे डोसिंग पंपाला साधी पिन ठेवूच नका. वायर थेट पॅनेलमध्ये न्या किंवा इतर कुठल्याच सॉकेटला न बसणारा औद्योगिक प्लग लावा. ऑपरेटरच्या शिस्तीवर हे सोडलं तर एखाद्या रविवारी तो स्विच बायपास होणारच.

पॅनेलचंही तेच. रसायनांच्या खोलीत पॅनेल नको, मीटर नको, लिफ्टचा कंट्रोल नको. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम ६८० मध्ये पूलच्या रसायनांची साठवण आणि हाताळणी जिथे होते त्या जागेला सरळ 'संक्षारक वातावरण' म्हटलंय आणि तिथल्या वायरिंगला वेगळे नियम लावलेत. का, ते पॅनेलचं झाकण उघडलं की दिसतं: तांब्याच्या टोकांवर हिरवी पूड, स्क्रू फिरवला की त्याचं डोकं हातात. पूलच्या काठाजवळ आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाचा ७०२ वा भाग काठापासून २ मीटरचा पहिला पट्टा आणि त्यापुढे दीड मीटरचा दुसरा पट्टा धरतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या आत साधी बटणं आणि सॉकेटं नकोत. वर ठेवायच्या तुमच्या कपाटांची जागा ठरवताना हे माप टेप लावून बघा. त्यांच्या पंपांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

गोळ्या आणि पावडरचं थोडक्यात, पण सर्वांत कडक शब्दांत. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका मगात, एका फीडरमध्ये कधीच नाही. दोन्ही 'क्लोरीनच' असं म्हणून ऑपरेटर एकावर एक ओततो. ओलसर झालं की त्यातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं आणि ते स्फोटक आहे. प्रत्येकाचा मग वेगळा ठेवा, साखळीने डब्यालाच बांधून. कोरडा माल वरच्या फळीवर आणि द्रव खाली, म्हणजे द्रव गळलं तर कोरड्यावर पडत नाही. थोडंसं पाणीही टीसीसीएला पुरेसं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कॉनियर्सला पूलची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात स्प्रिंकलरचं पाणी साठ्यावर पडून आग लागली आणि सुमारे १७,००० लोकांना घरं सोडावी लागली. म्हणून स्प्रिंकलर काढा असं नाही. स्प्रिंकलर असलेल्या तळघरात हा माल ठेवू नका. आणि या गोळ्यांच्या डब्यावर लटकलेलं एबीसी पावडरचं अग्निशामक दुसरीकडे न्या. त्यातली पावडर अमोनियम फॉस्फेटची असते आणि अमोनिया व क्लोरीनची ही जोडी नको. असा माल पेटलाच तर लांबून भरपूर पाणी मारायचं, आणि त्याआधी १०१ ला फोन.

एवढा सगळा खटाटोप कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे साठा कमी ठेवणं. तुमच्या पूलमध्ये साधारण १ लाख ८ हजार लिटर पाणी आहे. त्यात २ पीपीएम क्लोरीन वाढवायला १० टक्क्यांचं हायपो लागतं सव्वादोन लिटरच्या आत. उन्हाळ्याच्या सुट्टीत, गर्दीत, दुप्पट धरा. ३५ लिटरचा कॅन आठवडाभर ते पंधरा दिवस जातो. मग सहा-सात कॅन कशाला? कंत्राटदाराला टेंपोचं भाडं वाचवायचं असतं म्हणून. हायपोचे दोन, ॲसिडचा एक, यावर साठा नको, हे एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातच लिहा. पूलमध्ये दोन प्रकारच्या क्लोरीनची गरज नसते. हायपो असेल तर टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही बंद करा, त्या फळीची कटकट गेली.

कोणीतरी तुम्हाला पर्याय सुचवेलच. सॉल्ट क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवला तर हायपोचे कॅन जातात, ॲसिड मात्र जात नाही, कारण त्याने पीएच चढतच राहतो. आणि त्याच्या सेलमध्ये हायड्रोजन तयार होतो, त्यामुळे फ्लो स्विच त्यालाही तितकाच लागतो. 'ड्राय ॲसिड' म्हणजे सोडियम बायसल्फेट हाताळायला सोपं आहे, पण हायपोत पडलं तर क्लोरीन तेही सोडतं. सुरक्षित म्हणून ते हायपोशेजारी ठेवू नका. पीएचसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर चांगले, फक्त ते तळघरात ठेवले तर तोही जड वायू आणि वासही नाही. क्लोरीनच्या सिलिंडरला सरळ नाही म्हणा. त्यासाठी आयएस ४२६३ ची सुरक्षासंहिता आणि गॅस सिलिंडर नियम पाळायची तयारी, प्रशिक्षित माणूस, गळती शोधणारं यंत्र हे सगळं निवासी सोसायटीला झेपणारं नाही.

कागदांचं काम कमी आहे, पण टाळू नका. भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा मंजूर नकाशा आणि अग्निशमनाचा ना-हरकत दाखला काढून त्यात ही खोली काय म्हणून दाखवलीय ते वाचा. बांधकाम करायचं असेल, भिंत फोडायची असेल किंवा पोडियमवर नवी खोली उभी करायची असेल, तर आर्किटेक्टमार्फत परवानगी घेऊनच. नुसती कपाटं ठेवणार असाल तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला वजन सांगा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'बी' नमुन्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या तपासणीच्या माणसाला फक्त पंप आणि हायड्रंट दाखवून परत पाठवू नका. रसायनांच्या जागी न्या आणि त्याचा शेरा लेखी घ्या.

राहता राहिला आज तळघरात पडलेला जास्तीचा माल. तो जिन्याने किंवा लिफ्टने वर नेऊ नका, रॅम्पवरून ट्रॉलीने न्या. एका फेरीत एकच रसायन, आणि ॲसिडच्या फेऱ्या वेगळ्या दिवशी. चांगला माल पुरवठादाराला परत द्या, बहुतेक जण घेतात. जुनं, ताकद गेलेलं हायपो पूलमध्येच थोडं थोडं करून संपवा, पोहायची वेळ संपल्यावर. फुटक्या डब्यातल्या, ओल्या झालेल्या गोळ्यांना हात न लावता पुरवठादाराकडून माणूस बोलवा. यातलं काहीही एसटीपीत ओतायचा मोह होईल, कारण जाळी शेजारीच आहे. ओतलंत तर तिथले जिवाणू मरतील, आठवडाभर सांडपाणी तसंच बाहेर जाईल, आणि वासाची पुढची तक्रार सातव्या मजल्यावरून येईल.